सर्व स्तरांतून अभिनंदन

“काका, शाल घ्या काढून,” योगीराज कानाशी येऊन पुटपुटला. “फोटो झालेत. पाथरीचं जोडपं वाट बघायलंय.”

भागवतने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर बाजेवर लिंबाजी खंदारे बसवलेले होते. बसलेले नव्हते, बसवलेले होते. पाठीला एका बाजूने मुलगा सिद्धोधनचा हात, दुसऱ्या बाजूने बायको सुलाबाईंचा. उभी हयात झरीच्या बँडपार्टीत क्लॅरोनेट वाजवण्यात गेलेली, आणि आता चार शब्द बोलायचे म्हटले तरी छातीचा भाता होत होता. बाहेर जानेवारीचं गार वारं सुटलं होतं. खांद्यावर शाल पडल्यापासून म्हातारा तिच्या काठावरून अंगठा फिरवत होता.

“मऊ हाय ओ,” ते म्हणाले.

“तुमच्यासाठीच आणलीय बाबा,” योगीराज मोठ्याने म्हणाला. मग भागवतकडे वळून हळूच, “काका, घ्या ना.”

लिंबाजी हसत सुलाबाईंना म्हणाले, “लोकाच्या लग्नात लय शाली बघितल्या. आहेर चालू झाला की आमी वाजवायचं. घालणारा घालायलाय, घेणारा घ्यायलाय, अन् आमी आपलं फूं फूं.” एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. सिद्धोधनने पाणी दिलं.

उबळ ओसरायची वाट बघून भागवत बाजेजवळ गेला. घरोघर म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य त्याने म्हटलं, “बाबा, परभणीला आपला मोठा कार्यक्रम हाय. तवा ही स्टेजवर पुन्हा घालणार हायेत. तवर आमच्याकडं राहू द्या.”

म्हाताऱ्याचा अंगठा काठावर थांबला. सुलाबाई म्हणाल्या, “चार दिस राहू द्या की भाऊ. थंडी लय हाय. कार्यक्रमाला आमी घेऊनच येताव.”

भागवतने योगीराजकडे पाहिलं. योगीराज मोबाइलमध्ये फोटो बघत होता, म्हणजे तसं दाखवत होता.

“कार्यक्रमाची हाय मावशी,” भागवत म्हणाला. “धुवून इस्त्री करून ठेवावी लागती.”

“न्या, न्या,” लिंबाजीच म्हणाले आणि खांदा जरा पुढे केला. भागवतने शाल काढून घेतली. तिला म्हाताऱ्याच्या अंगाची ऊब लागली होती. हातात ती ऊब घेऊन तो दाराबाहेर आला तेव्हा त्याला स्वतःची अशी काही शिसारी आली की उंबऱ्यावर काढून ठेवलेल्या चपला पायाला सापडेनात.

नारळ मात्र वाचला होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सत्कार चालला होता आणि सिद्धोधनने आधीच सांगितलं होतं, “आमच्यात नारळ नसतंय सर. फूल चालंल.” योगीराजने तत्परतेने नारळ पिशवीत टाकला होता. तोही बरेच दिवस गावोगाव फिरत होता. कानाशी हलवून पाहिला तर आत पाण्याचा आवाज उरला नव्हता.

योगीराजचं सोयरमेळा नावाचं लग्न जुळवणारं संकेतस्थळ होतं. परभणीत वसमत रोडला एका गाळ्यात त्याचं ऑफिस. मुलामुलींचे फोटो, शिक्षण, शेती किती, नोकरी कुठली, सगळं त्यावर. अडचण एकच, बघायला कुणी येत नव्हतं. जाहिरातीला पैसा सोडायचा तर योगीराजच्या जिवावर येई. मग पुण्यात कुठल्याशा शिबिराला जाऊन तो एक विद्या शिकून आला. जाहिरात द्यायची नाही, बातमी द्यायची.

“काका, गूगल म्हंजे लय भोळा देव हाय,” तो भागवतला गाडीत समजावून सांगायचा. “धा ठिकाणी आपलं नाव दिसलं की त्याला वाटतं, मोठा माणूस हाय. नेऊन बसवतो वर. पेपरवाल्यांना काय, फोटोसहित आयती बातमी पायजे. ते छापतात, पोर्टलवाले तीच उचलतात, अन् सगळ्यांच्या खाली आपली लिंक. शालीचा खर्च एकदाच.”

म्हणून आदर्श दांपत्य पुरस्कार निघाला होता. ज्यांच्या संसाराला पन्नास वर्षं झाली अशी म्हातारी जोडपी गावोगाव हुडकायची, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा आणि प्रेसनोट सोडायची. शेवटी ओळ, ‘या दांपत्याला आपले मत देण्यासाठी संकेतस्थळाला भेट द्या.’ मग त्या जोडप्याची लेकरं, सुना, जावई, भाचे, पुण्या-औरंगाबादेतले नातेवाईक, सगळी सोयरमेळ्यावर जाऊन मतं टाकणार आणि आजा-आजीचा फोटो बघून हरखणार. कुणाला पुरस्कार द्यायचा हे ठरलेलंच नव्हतं. तो मोठा कार्यक्रमही कुठे ठरलेला नव्हता. योगीराज समाजवार जोडपी निवडत असे. “सगळ्या समाजाचे घ्यायचे काका. प्रत्येकाचं ट्रॅफिक येगळं,” असं तो म्हणे. आवळा देऊन कोहळा काढणारे भागवतने पुष्कळ पाहिले होते. फोटो झाल्यावर आवळाही परत मागणारा हा पहिलाच.

या सगळ्या प्रेसनोटा लिहायचं काम भागवतकडे होतं, आणि शाली काढून घ्यायचंही.

एके काळी तो पालमचा वार्ताहर होता. एका जिल्हा दैनिकाचा. बातमी हाताने लिहून पाकिटात घालायची आणि संध्याकाळच्या परभणी गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. गाडी चुकली तर बातमी चुकली. तेव्हा तालुक्यात कुणी गेलं की लोक भागवतला बोलावून न्यायचे. तो घरी जाऊन बसायचा, चहा नको म्हणायचा, मेलेल्या माणसाने काय काय केलं ते विचारून घ्यायचा. ‘सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे’ ही ओळ तो उगाच टाकत नसे. गावातून एक चक्कर मारून, पारावर उभं राहून, खरंच कुणी हळहळतंय का ते बघून मग टाकायचा. एका सावकाराच्या बातमीत त्याने ती ओळ टाकली नव्हती, तर सावकाराची पोरं घरावर चालून आली होती. पुढे दैनिकाने तालुक्याची पानं बंद केली आणि भागवत परभणीला आला. पोट काही जुन्या कात्रणांवर भरत नाही. योगीराजचे वडील ओळखीचे होते, त्यांनी शब्द टाकला.

आता ओळी तयारच असायच्या. वर नाव बदलायचं, गाव बदलायचं. खाली शेपूट ठरलेलं, ‘याबद्दल त्यांचे सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे.’ आणि त्याखाली संकेतस्थळाचा पत्ता. कुठले स्तर, कुणाचं अभिनंदन, हे विचारायला पारावर जायचं कारण उरलं नव्हतं.

झरीची प्रेसनोट दुसऱ्या दिवशी दोन-तीन पेपरांत आली. शालीतला फोटो छान आला होता. म्हातारा हसत होता, सुलाबाई गंभीर, आणि मधे उगाचच हात जोडून योगीराज. सिद्धोधनने फोन करून सांगितलं, “सर, बाबानं पेपर उशाखाली ठिवलाय. येईल त्याला दाखवायलेत.” भागवतला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा लगेच रागही आला.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळीच सिद्धोधनचा पुन्हा फोन आला. भागवत बसस्टँडवर मानवतच्या गाडीची वाट बघत होता.

“सर, जयभीम. बाबा गेले पहाटं.”

“अरे अरे,” भागवत म्हणाला.

“पेपरात बारीकसं आलं असतं तर बरं झालं असतं सर. बाहेरगावचे बँडवाले हायेत त्यायच्या वळखीचे. त्यायला कळंल.”

“देतो ना. देतो,” भागवत म्हणाला.

त्याने योगीराजला फोन केला तो केवळ मानवतच्या सत्काराला पोचायला उशीर होईल म्हणून सांगायला. योगीराजने कारण ऐकून घेतलं. मग त्याचा आवाज बदलला, दुकानात गिऱ्हाईक आल्यावर बदलतो तसा.

“काका, आत्ताच्या आत्ता नोट सोडा. दुसऱ्या कोण्या पोर्टलवर यायच्या आधी आपली गेली पायजे. आदर्श दांपत्यातला तारा निखळला असं कायतरी टाका. फोटो तोच, शालीतला. अन् श्रद्धांजली वाहायला लिंक द्या. लोक फुलं वाहतील वेबसाइटवर.”

“झरीला जाऊन येतो आधी,” भागवत म्हणाला. “नीट लिहितो.”

“जाऊन काय करताव? तुमच्याकडं सगळी माहिती हाय की. धा मिनिटांत पायजे काका. असा चान्स रोज येत नसतो.”

चान्स. भागवतने तो शब्द तोंडात घोळवला. तरी त्याने मोबाइल काढला. स्टँडवर गाड्यांचा गोंगाट, कुणीतरी खांद्याला धक्का देऊन गेलं, मानवतची गाडी फलाटाला लागली होती आणि माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होती. त्याने झरीची जुनीच नोट उघडली. अंगठ्याने वरचं पुसलं आणि नवं लिहिलं. ‘झरी येथील आदर्श दांपत्यापैकी ज्येष्ठ क्लॅरोनेटवादक लिंबाजी खंदारे यांचे दीर्घ आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे.’ फोटो तोच. गाडीचा भोंगा वाजला. त्याने नोट पत्रकारांच्या सगळ्या ग्रुपांवर सोडून दिली आणि गाडीत चढला.

खालचं शेपूट तसंच राहिलं होतं.

‘याबद्दल त्यांचे सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे. आपले मत देण्यासाठी संकेतस्थळाला भेट द्या.’

छापणाऱ्यांनी वाचलं नाही. प्रेसनोट कुठे कुणी वाचतं? दोन छोट्या पेपरांनी आणि चार-पाच पोर्टलांनी ती जशीच्या तशी घेतली. वाचली ती लोकांनी. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर लाल रंगाने अधोरेखित केलेलं ते कात्रण फिरायला लागलं. ‘परभणीकरांचा नाद नाही.’ ‘मेल्याबद्दल अभिनंदन, मत कुणाला देऊ?’ हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. आणि मधोमध शालीत बसलेला, हसरा लिंबाजी. जणू त्यालाही तो विनोद कळला होता.

कात्रण भागवतच्याच मोबाइलवर तीन नातेवाइकांकडून आलं. त्यांना ठाऊक नव्हतं की हे कुणाचं अक्षर आहे. ध चा मा व्हायला कुणाचा तरी डाव लागतो. इथे नुसता अंगठा पुरला होता. तो ऑफिसला पोचला. आपल्याला आता हाकलतील अशी त्याची खात्री होती आणि हाकललं तर बरं, असंही कुठेतरी वाटत होतं.

योगीराज खुर्चीतून उठून सामोरा आला. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

“काका! अहो काय केलाव तुमी!” त्याने भागवतचा खांदा दाबला. “इकडं बघा.”

भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा आकडा वर वर चढत होता. या घटकेला इतके लोक सोयरमेळ्यावर आहेत, असं तो आकडा सांगत होता. भागवत तिथे कामाला लागल्यापासून त्या आकड्याला असा ताप कधी चढला नव्हता.

“सकाळपासून साइट दोनदा बंद पडली,” योगीराज म्हणाला. “लोक खरं हाय का ते बघायला यायलेत. आलेत तर चार स्थळं बघून जायलेत. पंचवीस नवीन नोंदण्या झाल्या. घ्या, पेढा घ्या.”

“चूक झाली माझ्याकडून,” भागवत म्हणाला. “दुरुस्ती काढू लगेच. मी लिहूनच आणलीय.”

“काढू ना. काढायचीच हाय. उद्या काढू. आजचा दिवस चालू द्या.” योगीराजने पेढा स्वतःच्या तोंडात टाकला. “अन् दुरुस्तीची पण प्रेसनोटच सोडू. अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगिरी, खाली लिंक. दुसऱ्यांदा ट्रॅफिक.”

“त्या घरी दुखवटा हाय योगीराज,” भागवत म्हणाला. त्याने पहिल्यांदाच भाऊ न लावता नाव घेतलं होतं.

“मग? आपण वाईट काय लिहिलंय? म्हातारं उभ्या जिल्ह्यात फेमस झालं. जन्मभर बँड वाजवून झालं नसतं एवढं.”

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते भागवतने आजवर नुसतं ऐकलं होतं. आता समोर एक माणूस पेढ्याचा तूपकट हात पँटला पुसत उभा होता. त्याहून वाईट म्हणजे तो हात त्याला परका वाटला नाही. चान्स म्हणणारा तो होता, पण उभ्या उभ्या अंगठा चालवणारा कोण होता? पारावर चक्कर मारून हळहळ लिहिणारा माणूस कधी मेला, त्याची बातमी तर कुणी दिलीच नव्हती.

टेबलावर दुपारच्या सत्काराची पिशवी भरून ठेवली होती. वरच शाल होती, इस्त्री करून, पारदर्शक पिशवीत घातलेली. धुतली नव्हती. इस्त्रीने वळ्या जातात, वास जात नाही. भागवतने शाल उचलून काखेत धरली.

“काका, ती दुपारी सेलूला लागंल,” योगीराज म्हणाला.

“न्हाई लागायची.”

“अहो, मग तिथं घालायचं काय?”

“तुमच्या अंगावरचं कायतरी घाला,” भागवत म्हणाला आणि जिना उतरला.

झरीच्या स्टॉपवर उतरला तेव्हा टपरीपाशी पोरं मोबाइलवर तेच कात्रण वाचून खिदळत होती. भागवत मान खाली घालून त्यांच्यापुढून गेला. खंदाऱ्यांच्या दारात सतरंजी टाकली होती. बाहेरगावचे दोघे-तिघे वादक येऊन बसले होते. त्यांना बातमी पोचली होती तर. भागवतला बघताच सिद्धोधन उठून उभा राहिला. जयभीम घातला नाही.

“कामून आलाव सर?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. “लोक फोन करून इचारायलेत, मत कुठं टाकायचं म्हनून. माझ्या पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर बी हेच फिरायलंय. बारीकशी बातमी द्या म्हणलो होतो मी.”

“माझी चूक हाय,” भागवत म्हणाला. “मीच लिहिलं ते. दुसऱ्या कोणाचं काही न्हाई.”

“येऊ दे त्यायला आत,” आतून सुलाबाईंचा आवाज आला.

आत बाज उभी करून भिंतीला टेकवली होती. तसबिरींशेजारी लिंबाजींचा फोटो मांडला होता, पेपरातून कापून काढलेला. शालीतला. बाजूला क्लॅरोनेटची काळी पेटी. सुलाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. भागवत समोर खाली बसला.

“मावशी, मी चुकीचं छापलं,” तो म्हणाला. “हळहळ लिहायची तिथं अभिनंदन लिहिलं.”

“पोरगं सांगत होतं,” सुलाबाई म्हणाल्या. “अभिनंदन म्हंजी ते सत्कारात म्हनतेत तेच न्हवं?”

“तेच.”

“मंग असू द्या.” त्या म्हणाल्या. “सुटले बिचारे. तीन वरसं दम न्हवता. लोकं हासतेत तर हासू द्या. आमच्या लग्नात बी हासले होते, नवरदेवच वाजवायला बसला म्हनून.”

भागवतला वाटलं, आता आपण रडू. तसं झालं नाही. त्याने काखेतली शाल काढली आणि पुढे ठेवली. सुलाबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतली शाल ओळखली. एवढा वेळ शांत असलेला त्यांचा चेहरा तिथे बदलला.

“आता आनलाव व्हय?” त्या म्हणाल्या.

भागवतने शालीवरचा हात मागे घेतला.

“तुमी गेल्यापसून तेच. माझी शाल कुठं हाय? सत्काराची शाल कुठं ठिवलीस? थंडी वाजायलीय, घाल. परभणीला नेली हे त्यायच्या ध्यानातच ऱ्हायना. मी सांगायची, ते परत इचारायचे. शेवटच्या राती तर लय.” सुलाबाई फोटोकडे पाहत बोलत होत्या, भागवतकडे नाही. “मंग मी म्हणलं, पेटीत ठिवलीय. मळंल म्हनून. बरे झालाव की कार्यक्रमाला घालायची हाय न्हवं? तवा गप पडले.”

बाहेर कुणीतरी सिद्धोधनला विचारत होतं, कोण आलंय. त्याने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

सुलाबाईंनी शाल पिशवीतून काढली. नाकाशी नेली, आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग हात टेकून उठल्या. कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती. तिच्यावरची गोधडी बाजूला करून त्यांनी कडी काढली, आतली लुगडी एका अंगाला सारली, शालीची घडी पुन्हा एकदा नीट केली आणि ती पेटीत ठेवली.

“हितं हाय बगा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, फोटोला. आणि पेटी लावून घेतली.